इंग्लंडमधील स्थानिक निवडणुकांसाठी टपाली मतपत्रिका कशी मागवावी

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा कुटुंबासह इंग्लंडमध्ये राहायला आलेल्या अनेक मराठी माणसांना हे ठाऊक नसते, की हातात भारतीय पासपोर्ट असतानाही येथील स्थानिक निवडणुकांत त्यांना मतदानाचा पूर्ण अधिकार आहे. ज्यांना तो अधिकार माहीत असतो, त्यांच्यापैकीही बरेच जण तो वापरत नाहीत, कारण मतदान बहुधा गुरुवारी, म्हणजे ऐन कामाच्या दिवशी असते, आणि मतदान केंद्र सकाळी सात ते रात्री दहा उघडे असले तरी आपल्याला नेमून दिलेल्या एकाच केंद्रावर जावे लागते. लंडनच्या हॅरो किंवा हाउन्स्लो भागात राहून रोज दूरवर कामाला जाणाऱ्या, घरी लहान मूल असणाऱ्या किंवा रात्रपाळी करणाऱ्या माणसासाठी टपालाने मत देणे हा सर्वांत शांत मार्ग आहे. त्यासाठी काय करावे लागते, कोणत्या तारखा पाळाव्या लागतात आणि मत कोणत्या कारणांनी बाद होते, हे या लेखात मांडले आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील नियम काही बाबतींत वेगळे असल्याने हा लेख इंग्लंडपुरताच आहे.

आधी अधिकाराविषयी. राष्ट्रकुल देशांच्या ज्या नागरिकांना ब्रिटनमध्ये राहण्याची कायदेशीर परवानगी आहे आणि जे प्रत्यक्ष येथे राहतात, त्यांना मतदार म्हणून नाव नोंदवता येते, ही तरतूद १९८३ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. भारत प्रजासत्ताक झाल्यावरही राष्ट्रकुलात राहिला, त्यामुळे भारतीय नागरिक या तरतुदीत येतात. व्हिसा विद्यार्थ्याचा आहे, नोकरीचा आहे की जोडीदारावर अवलंबून असलेल्याचा, याने या बाबतीत फरक पडत नाही. वय मात्र मतदानाच्या दिवशी अठरा पूर्ण असले पाहिजे. येथे मत दिल्यास भारतीय नागरिकत्वाला बाधा येईल, अशी एक भीती ऐकू येते. ती निराधार आहे. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतल्यास भारतीय नागरिकत्व संपते. भारतीय म्हणूनच येथे मत देणे म्हणजे नागरिकत्व घेणे नव्हे.

भारतात टपाली मतदान म्हटले की सैन्यदलातील जवान आणि निवडणुकीच्या कामावरील कर्मचारी आठवतात, आणि अलीकडच्या लोकसभा निवडणुकीत पंच्याऐंशी वर्षांवरील ज्येष्ठांना व किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदारांना मिळालेली घरून मतदानाची सोय. म्हणजे ती सवलत ठरावीक गटांपुरती आहे. इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्यानंतर ही अट उरली नाही. ज्याचे नाव यादीत आहे, त्या कोणालाही टपाली मतपत्रिका मागता येते आणि तिच्यासाठी कारण सांगावे लागत नाही. आजारी आहे, परगावी जाणार आहे अशी सबब देण्याची गरज नाही. मला टपालाने मत द्यायचे आहे, एवढे पुरते.

पहिली पायरी मतपत्रिका मागण्याची नसून मतदार यादीत नाव नोंदवण्याची आहे, आणि बहुतेकांचा गोंधळ येथेच होतो. कौन्सिलला, म्हणजे स्थानिक पालिकेला, कौन्सिल टॅक्स भरतो म्हणजे आपले नाव यादीत असेलच, असे अनेक जण धरून चालतात. परंतु कर भरणे आणि मतदार होणे यांचा एकमेकांशी आपोआप संबंध जुळत नाही. घरातल्या प्रत्येक व्यक्तीने स्वतःची नोंदणी स्वतंत्रपणे करायची असते. सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावर ती काही मिनिटांत होते. नाव, पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (कर व सामाजिक विम्यासाठी सरकार देते तो वैयक्तिक क्रमांक) एवढी माहिती लागते. नुकत्याच आलेल्या जोडीदाराला हा नंबर मिळालेला नसेल तर तसे अर्जात लिहिता येते; मग कौन्सिलचा मतदार नोंदणी अधिकारी ओळखीचे दुसरे पुरावे मागतो. नोंदणीमुळे मिळणारा एक फायदाही सांगण्याजोगा आहे: कर्ज देणाऱ्या संस्था पत्त्याची खातरजमा करताना मतदार यादी पाहतात, त्यामुळे घरकर्ज घेताना यादीतले नाव उपयोगी पडते.

मराठी नावांच्या बाबतीत येथे एक अडचण हमखास येते. आपल्या नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. भारतीय पासपोर्टवर पहिले दोन भाग पुष्कळदा एकाच रकान्यात असतात, बँकेत मधले नाव गळालेले असते आणि नॅशनल इन्शुरन्सच्या पत्रावर तिसरीच मांडणी असते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर जुने आणि नवे अशी दोन्ही आडनावे वेगवेगळ्या कागदांवर असतात. अर्जातली माहिती सरकारी नोंदींशी ताडून पाहिली जाते, म्हणून नॅशनल इन्शुरन्सच्या पत्रावर नाव जसे छापले आहे तसेच अर्जात लिहावे. नोंद जुळली नाही म्हणून अर्ज लगेच फेटाळला जात नाही. कौन्सिल पत्र किंवा ईमेल पाठवून कागदपत्रे मागते. मात्र मुदत तोंडावर आली असेल, तर त्या पत्रव्यवहारातच वेळ निघून जातो.

नाव यादीत आले, की टपाली मतपत्रिकेसाठी वेगळा अर्ज करायचा. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीपासून तो ऑनलाइनही करता येतो. ज्यांना कागदी अर्ज हवा असेल त्यांना कौन्सिलच्या निवडणूक कार्यालयाकडून तो मागवता येतो. या अर्जातही जन्मतारीख आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर द्यावा लागतो आणि शिवाय स्वाक्षरीचा नमुना लागतो. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या शाईच्या पेनाने, नेहमीच्या ओघात सही करावी, उजेडात कागद सपाट ठेवून मोबाइलने तिचा फोटो काढावा आणि तो अर्जाला जोडावा. कागदावर हाताची सावली पडणार नाही आणि सहीचा शेवट फोटोत कापला जाणार नाही, एवढे पाहावे.

ही सही किती महत्त्वाची आहे, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. कारण न सांगता टपाली मतदान खुले झाल्यावर काही वर्षांतच, २००४ च्या बर्मिंगहॅम कौन्सिल निवडणुकीत टपाली मतांचा मोठा गैरप्रकार झाला. २००५ मध्ये निवडणूक न्यायालयाचे न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांनी तेथील दोन वॉर्डांची निवडणूक रद्द केली आणि त्या वेळच्या व्यवस्थेवर अतिशय कठोर ताशेरे ओढले. त्यानंतर २००६ च्या कायद्याने टपाली मतदाराची जन्मतारीख आणि सही आधी नोंदवून घेण्याची व परत आलेल्या मताशी ती ताडून पाहण्याची पद्धत आणली. पुढे लंडनमधील टॉवर हॅम्लेट्सच्या महापौरपदाची २०१४ ची निवडणूक २०१५ मध्ये रद्द झाली, आणि त्या प्रकरणानंतर झालेल्या चर्चेतून २०२२ च्या निवडणूक कायद्यात आणखी निर्बंध आले. अर्ज भरताना जाचक वाटणारे आजचे बरेच नियम असे प्रत्यक्ष घडलेल्या फसवणुकीतून आलेले आहेत, आणि ते आपल्याच मताच्या रक्षणासाठी आहेत, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे काही जण बँकेत इंग्रजी सही करतात आणि घरगुती कागदांवर मराठी. काहींची सही घाईत वेगळी आणि निवांत असताना वेगळी होते. अर्जात जी सही दिली, तीच पुढे मत पाठवताना करायची आहे. म्हणून अर्जाला जोडलेला सहीचा फोटो मोबाइलमधून पुसून न टाकता जपून ठेवावा. अपंगत्वामुळे किंवा लिहिता येत नसल्यामुळे ज्यांना एकसारखी सही करणे शक्य नाही, त्यांना सहीतून सूट मागता येते. हातांना कंप असलेल्या, मुलांकडे कायमच्या राहायला आलेल्या आई-वडिलांसाठी ही सोय मोलाची आहे.

अर्जात मतपत्रिका किती काळासाठी हवी तेही विचारले जाते. ती एकाच निवडणुकीसाठी, ठरावीक काळासाठी किंवा जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी मागता येते. पूर्वी एकदा अर्ज केला की तो वर्षानुवर्षे चालू राहत असे. आता तसे नाही. जुन्या पद्धतीने, म्हणजे ३१ ऑक्टोबर २०२३ पूर्वी केलेल्या अर्जांची मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंतच होती. इतकी वर्षे आपोआप येणारे पाकीट आता आले नाही, तर बहुधा कारण हेच असते. घर बदलले तरी जुना अर्ज नव्या पत्त्यावर चालत नाही. नव्या पत्त्यावर नोंदणीही नव्याने करावी लागते आणि टपाली मतदानाचा अर्जही. भाड्याच्या घरात दर एक-दोन वर्षांनी पत्ता बदलणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. मतपत्रिका नोंदणीच्या पत्त्याऐवजी दुसरीकडे हवी असेल तर तशी मागणी करता येते, पण तिचे कारण द्यावे लागते.

आता तारखा. त्या कामकाजाच्या दिवसांत मोजल्या जातात, म्हणजे शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्ट्या) सोडून. इंग्लंडमधील नियमित स्थानिक निवडणुका मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होतात, आणि त्याच्या आसपास ईस्टर व मेचा पहिला सोमवार या सुट्ट्या येत असल्याने नुसत्या कॅलेंडरवर मागे मोजत गेल्यास हिशेब हमखास चुकतो. नाव नोंदवण्याची शेवटची तारीख मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधी, मध्यरात्रीपर्यंत असते. टपाली मतपत्रिकेचा अर्ज ११ कामकाजाचे दिवस आधी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत पोहोचावा लागतो. प्रॉक्सीसाठी, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याने मत द्यावे यासाठी, ही मुदत सहा कामकाजाचे दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत असते. उदाहरणादाखल ७ मे २०२६ हा मतदानाचा दिवस घेतला, तर सोमवार ४ मे ही बँक हॉलिडे वगळून नोंदणीची अखेर २० एप्रिल, टपाली अर्जाची २१ एप्रिल आणि प्रॉक्सीची २८ एप्रिल अशी येते. पहिल्या दोन मुदतींत एकाच दिवसाचे अंतर आहे हे पाहिले, म्हणजे दोन्ही कामे शेवटच्या आठवड्यावर ढकलणे का धोक्याचे आहे ते कळते. माझे मत असे, की ही दोन्ही कामे हिवाळ्यातच उरकून टाकावीत. तेव्हा कौन्सिलच्या कार्यालयावर अर्जांचा भार नसतो आणि नावाचा घोळ निघालाच तर निस्तरायला अवधी मिळतो.

एप्रिल-मे हा आपल्याकडे लग्नसराईचा आणि शाळांच्या सुट्टीचा काळ. त्यामुळे मतदानाच्या सुमारास पुण्याला किंवा नाशिकला असणाऱ्यांनी टपाली मतपत्रिका भारतातल्या पत्त्यावर मागवण्याआधी नीट विचार करावा. उमेदवारी अर्जांची मुदत संपून नावे निश्चित झाल्याशिवाय मतपत्रिका छापता येत नाहीत, आणि ती मुदत मतदानाच्या १९ कामकाजाचे दिवस आधीची असते. छपाईनंतर निघालेले पाकीट भारतात पोहोचून, भरून, पुन्हा वेळेत परत येईल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. अशा वेळी प्रॉक्सी नेमणे अधिक शहाणपणाचे. प्रॉक्सी म्हणून नेमलेली व्यक्ती स्वतः त्या निवडणुकीत मत देण्यास पात्र असावी लागते आणि केंद्रावर तिला स्वतःचे फोटो ओळखपत्र दाखवावे लागते. एका व्यक्तीला इंग्लंडमध्ये राहणाऱ्या दोनच मतदारांसाठी प्रॉक्सी होता येते, म्हणून मित्रमंडळींत सगळ्यांनी एकाच भरवशाच्या माणसावर विसंबून चालत नाही. मुदत संपल्यावर अचानक आजारपण आले किंवा कामासाठी बाहेरगावी जावे लागले, तर मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत तातडीच्या प्रॉक्सीची मागणी करता येते.

एकदा टपाली मतदार झाल्यावर केंद्रावर जाऊन कोरी मतपत्रिका मागता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ज्यांना केंद्रावर जाणेच आवडते त्यांनी टपाली अर्ज करू नये. मे २०२३ पासून इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत केंद्रावर फोटो ओळखपत्र सक्तीचे आहे आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. टपालाने मत देणाऱ्याला ओळखपत्र दाखवावे लागत नाही.

पाकीट घरी आल्यावर ते लगेच उघडावे आणि सर्व कागद टेबलावर मांडून पाहावेत. त्यात मतपत्रिका असते, ती घालण्यासाठी ‘ए’ अक्षराचे छोटे पाकीट असते, सही-जन्मतारखेचे निवेदन असते आणि या सर्वांना परत नेणारे ‘बी’ अक्षराचे मोठे पाकीट असते. एकाच दिवशी एकाहून अधिक निवडणुका असतील तर मतपत्रिकाही वेगवेगळ्या रंगांच्या येतात. मतपत्रिकेवर किती उमेदवारांना मत देता येईल ते वरच छापलेले असते, आणि ते न वाचता खूण करू नये. लंडनच्या अनेक वॉर्डांतून दोन किंवा तीन नगरसेवक निवडले जातात, त्यामुळे तेथे तितक्या नावांपुढे फुली करता येते. कमी फुल्या केल्या तर चालते. एक जरी जास्त झाली तर ती संपूर्ण मतपत्रिका बाद ठरते. मतपत्रिकेवर नाव किंवा सही कुठेही करू नये.

सर्वाधिक चुका निवेदनाच्या कागदावर होतात. जन्मतारखेच्या रकान्यात माणसे सवयीने त्या दिवसाची तारीख लिहून टाकतात, आणि मत बाद होते. नवरा-बायकोची पाकिटे एकाच दिवशी येतात, दोघे एकत्र बसून ती भरतात आणि निवेदने अदलाबदल होतात; मतपत्रिकेचा क्रमांक आणि निवेदनावरचा क्रमांक जुळावा लागत असल्याने येथेही घोटाळा होतो. एकाने आपले काम पूर्ण करून पाकीट चिकटवावे, मग दुसऱ्याने आपले उघडावे, एवढ्या साध्या शिस्तीने हे टळते. मतपत्रिका ‘ए’ पाकिटात घालून ते बंद करावे, आणि ते पाकीट व सही केलेले निवेदन असे दोन्ही ‘बी’ पाकिटात घालावे. निवेदन टेबलावरच राहिले तर मत मोजले जात नाही.

याच ठिकाणी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. घरातले सगळे कागदोपत्री व्यवहार एकानेच पाहायचे, ही पद्धत आपल्या अनेक कुटुंबांत आहे, आणि सासू-सासऱ्यांची किंवा पत्नीची मतपत्रिकाही त्याच ओघात घरातला कर्ता पुरुष भरून मोकळा होतो. वीजबिलाच्या बाबतीत ते ठीक असेल. मताच्या बाबतीत तो गुन्हा आहे. ज्याच्या नावे मतपत्रिका आली त्यानेच ती एकांतात भरायची. टपालाने मत भरताना कोणी कोणाला मत दिले हे जाणून घेण्याचा प्रयत्न करणे, हेही २०२२ च्या कायद्याने निषिद्ध केले आहे. इंग्रजी वाचता येत नसलेल्या आजीला सूचना मराठीत समजावून सांगाव्यात, फुली कुठे करायची असते ते दाखवावे, आणि फुली करण्याच्या वेळी खोलीतून बाहेर यावे.

भरलेले पाकीट इंग्लंडमधल्या कोणत्याही टपालपेटीत टाकता येते, तिकीट लावावे लागत नाही. मात्र ते मतदानाच्या दिवशी रात्री दहापर्यंत पोहोचलेच पाहिजे. त्या तारखेचा शिक्का असून भागत नाही. म्हणून शेवटच्या दोन-तीन दिवसांत पेटीवर न विसंबता पाकीट स्वतः नेऊन द्यावे. ते आपल्या भागातील मतदान केंद्रावर रात्री दहापर्यंत किंवा कौन्सिलच्या कार्यालयात कामाच्या वेळेत स्वीकारले जाते. मे २०२४ पासून हाताने पाकीट देताना एक छोटा फॉर्म भरावा लागतो, आणि स्वतःच्या पाकिटाखेरीज इतरांची जास्तीत जास्त पाचच पाकिटे देता येतात. फॉर्म न भरता ती कौन्सिलच्या दारातल्या पत्रपेटीत टाकून निघून आल्यास मते नाकारली जातात. प्रचारासाठी दारावर आलेला कार्यकर्ता कितीही ओळखीचा असला, तरी त्याच्या हाती पाकीट देऊ नये. अगदी जवळचे नातेवाईक वगळता प्रचारकांना दुसऱ्याची टपाली मते हाताळण्यास कायद्याने बंदी आहे.

पाकीट आलेच नाही, हरवले किंवा मतपत्रिका भरताना चुकली, तर कौन्सिलच्या निवडणूक कार्यालयाला फोन करावा. खराब झालेली मतपत्रिका परत करून दुसरी मिळते, आणि न आलेल्या पाकिटाच्या बदली पाकीट मतदानाला थोडे दिवस उरल्यावर दिले जाते. ही सोय मतदानाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत असते.

परत आलेली पाकिटे मतदानाच्या दिवसाआधीच उघडायला सुरुवात होते, पण मते तेव्हा मोजली जात नाहीत. प्रथम निवेदनावरची सही आणि जन्मतारीख अर्जातल्या नमुन्याशी ताडली जाते. उमेदवारांच्या प्रतिनिधींना हे पाहता येते. मतपत्रिका पालथ्या ठेवल्या जातात, जेणेकरून फुली कोणाला दिसू नये, आणि नंतर त्या मतपेटीत बंद होतात. मतदान संपल्यावरच त्या इतर मतांसोबत मोजणीला येतात. सही किंवा जन्मतारीख जुळली नाही म्हणून मत नाकारले गेले असेल, तर निवडणुकीनंतर मतदार नोंदणी अधिकारी तसे पत्र पाठवतो आणि कारण कळवतो. वयानुसार किंवा आजारपणामुळे सही बदलली असेल तर त्याच वेळी नवा नमुना द्यावा, म्हणजे पुढच्या निवडणुकीतले मत त्याच कारणाने वाया जाणार नाही.